मा. पुढचं टिंब

५ जानेवारी

काल ऑफिसात निरोपाचा केक मिळाला. त्यावर गुलाबी क्रीमने लिहिलं होतं, 'बाय बाय किम्बर्ली'.

माझं नाव इव्हान्जेलिन तोरेफिएल. तिगबावान गावात सगळे व्हँजी म्हणतात. किम्बर्ली हे फोनवरचं नाव. सोळा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी गणवेशाबरोबर मिळालं होतं, परदेशी गिऱ्हाइकांच्या जिभेला इव्हान्जेलिन झेपणार नाही म्हणून. केक कापायच्या आधी मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की गणवेश घेऊन गेलीस तरी चालेल, नाव मात्र ठेवून जा, सोमवारी नवी मुलगी येतेय. ठेवून आले.

काम साधं होतं. विमान कंपनी एका देशातली, तिचे प्रवासी जगभरचे, आणि त्यांना 'नाही' सांगायचं कंत्राट फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहराला. साहेबांची निवड अचूक होती. आमच्या बोलीला मुळातच अंगाईची चाल आहे. इथे नवराबायको एकमेकांचा उद्धार करत असतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, लाड चाललेत. अशा आवाजात तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत असं सांगितलं की पुष्कळ लोक आभार मानून फोन ठेवतात.

आता नोकरी नाही. ही अक्कल मी सोळा वर्षं दुसऱ्याच्या नावाने विकली, आता स्वतःच्या नावाने विकणार. घरीच सल्लागार म्हणून बसायचं. इंग्रजी फोन, तक्रारी, अर्ज. योग्य मोबदला घेऊन.

रात्री भात कंपनीच्या कुकरात शिजवला. हा कुकर मला नऊ वर्षांपूर्वी एका टिंबासाठी मिळालाय. तिकिटावरच्या नावात तीन अक्षरांपर्यंत चूक असली तर कंपनी फुकट दुरुस्त करून द्यायची, त्याहून जास्त असली तर नवीन तिकीट घ्या. लोक लबाड. टिंबं, आडव्या रेघा हिशेबात धरायचेच नाहीत. मी सभेत उभी राहून म्हटलं, टिंब हेसुद्धा अक्षरच धरावं. नियमात माझं वाक्य जसंच्या तसं गेलं: 'अक्षर या संज्ञेत टिंब, आडवी रेघ व तत्सम चिन्हांचा समावेश होतो.' साहेब म्हणाले, किम्बर्लीने कंपनीची गळती थांबवली. टाळ्या, फोटो, कुकर. झाकण अजून घट्ट बसतं.

सोळा वर्षं रात्री काम आणि दिवसा झोप. आज पहिल्यांदा दुपारची गल्ली उघड्या डोळ्यांनी पाहिली. छान शांत आहे. आमची गल्ली आहेच शांत.

९ जानेवारी

बातमी पसरली आहे. सकाळी बेकरीवाल्याचा जावई आला. त्याच्या कुवेतच्या शेठला एक पत्र लिहायचंय, 'फक्त दोन मिनिटांचं काम आहे, मानांग.' मानांग म्हणजे ताई, आणि ताईने पैसे मागायचे नसतात, म्हणून तर म्हणतात.

मी 'बघते' म्हटलं.

आमच्याकडे 'बघते' म्हणजे नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तोंडावर नाही म्हणणं हा इथे उर्मटपणा. लग्नाला ये म्हटलं तर 'बघते', वर्गणी दे म्हटलं तर 'बघते', आणि समोरचा काय ते समजून निघून जातो. हा मात्र संध्याकाळी पत्र न्यायला हजर. म्हणे, तुम्ही गोऱ्यांबरोबर काम केलंय ना, ते बघतो म्हणाले की बघतात.

लिहून दिलं. दोन मिनिटांना दोन तास लागले.

१८ जानेवारी

फुकट्यांची रांग लागली आहे. एकाला वॉशिंग मशीनचं चिनी माहितीपत्रक समजून हवं. (मला चिनी येत नाही. 'पण परदेशीच ना ते, मानांग?') शिक्षिकाबाईंना मुलीच्या मुलाखतीची तयारी. चर्चच्या मंडळाला जर्मन पर्यटकासाठी पाटी. एक जण तर मांडवलीला घेऊन गेला. त्याच्या बायकोशी मी माझ्या ऑफिसातल्या आवाजात बोलावं अशी त्याची इच्छा होती.

आणि समोरच्या मानांग साल्विंग. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. नवरा मासेमारीला गेला तो समुद्रातच राहिला. एकुलती एक लेक जोनालिन डब्लिनला नर्स आहे. साल्विंगना कामाचं निमित्तही लागत नाही. रोज येतात, 'इंदाय' म्हणून हाक मारतात, जशी घरातल्या धाकटीला मारावी, आणि बसतात. आज लेकीचा संदेश वाचून घेतला, काल लेकीचा फोटो मोठा करून घेतला. बरं, येताना हातात काहीतरी असतंच: पानात गुंडाळून वाफवलेले भाताचे इबोस, फणस घातलेलं कडधान्य, परवा अख्खा तळलेला मासा. त्यामुळे माझा स्वयंपाकाचा वेळ वाचतो, पण त्यांच्याशी गप्पा मारण्यात तोच वेळ जातो. हिशेब शून्य. माझं तुंबलेलं गटारही त्यांनी न विचारता साफ केलं. न विचारता कामं करायची सवयच आहे त्यांना.

जोनालिन गरोदर आहे. पहिलटकरीण. मार्चअखेरीस बाळंत होईल. जावई जहाजावर, तिथे दुसरं कुणी नाही, म्हणून तिने आईला तिकीट पाठवायचं ठरवलंय. साल्विंगनी आतापासून लोकरीची टोपडी विणायला घेतलीत. या बाईने विमान फक्त खालून पाहिलंय.

२७ जानेवारी

पाटी रंगवून आणली, फाटकावर लावली:

'इव्हान्जेलिन तोरेफिएल, ग्राहकसेवा सल्लागार. सल्ला सशुल्क.'

गल्ली दिवसभर फाटकापाशी येऊन वाचून जात होती. बेकरीवाल्याच्या जावयाने मोठ्याने वाचून दाखवलं, सासूला चष्मा नव्हता म्हणून. साल्विंग मासा घेऊन निघाल्या होत्या, अर्ध्या रस्त्यात थांबल्या, पाटी वाचली, आणि मासा घेऊन परत गेल्या.

२९ जानेवारी

कुणी आलं नाही. शांतता.

३१ जानेवारी

कुणी आलं नाही. दुपारी डबाबंद सार्डिन खाल्ले.

३ फेब्रुवारी

धंदा रुजायला वेळ लागतो.

गल्लीला मात्र अचानक कंठ फुटलाय. दुपारी दोनला कोपऱ्यावर कॅराओके सुरू होतो. साल्विंगचा कोंबडा भर दुपारी असा आरवतो की जणू त्याला पगार मिळतो. सोळा वर्षांत ऐकला नव्हता. नवीन असावा.

पाण्याच्या नळावर साल्विंग भेटल्या. मी काही बोलणार तर त्या म्हणाल्या, "थांबा मॅडम, बोलायला लागलं की मीटर सुरू होतं का, ते आधी सांगा." बायका हसल्या. मीही हसले, ग्राहकाच्या विनोदाला हसतात तसं.

मॅडम म्हणाल्या. धंद्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. माणूस मॅडम म्हणाला की पैसे देतो.

१२ फेब्रुवारी

पहिला ग्राहक.

साल्विंग आल्या. बाजारात जायचा झगा, केस विंचरलेले. दारात उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी पांढरं पाकीट पुढे केलं. असं पाकीट आम्ही मयताच्या घरी देतो. मी घेतलं. त्यांना खुर्ची दिली, त्या कडेला टेकल्या. कामाचं स्वरूप विचारलं. "जोनालिनने तिकीट पाठवलंय. सगळं बरोबर आहे का, तेवढं बघा, मॅडम."

तिकीट नेमकं माझ्याच जुन्या कंपनीचं, म्हणजे जिच्यासाठी मी सोळा वर्षं नाही म्हटलं त्या विमान कंपनीचं. मी ते पासपोर्टशेजारी ठेवलं आणि एका नजरेत चूक दिसली. याला अनुभव म्हणतात.

आमच्याकडे दर दुसरी बाई मारिया. जन्मदाखला लिहिताना कारकून 'मा.' लिहितो, टिंब देतो आणि पुढच्या बाळाकडे वळतो. त्यामुळे इथे 'मा.' हेच पूर्ण नाव होऊन बसतं. साल्विंगच्या पासपोर्टवर आहे मा. साल्वासियोन तुपास. जोनालिनने तिकिटावर टाकलं मारिया साल्वासियोन तुपास. का, तर तिकडच्या लोकांना 'मा' म्हणजे आई वाटते, नाव वाटत नाही.

मी समजावून सांगितलं की नावं जुळत नाहीत, अशा तिकिटावर विमानात चढू देणार नाहीत, हे तिकीट परतही घेत नाहीत, आणि पासपोर्ट बदलायचा तर बाळ चालायला लागेल.

साल्विंगनी तिकीट दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "सकाळपर्यंत बरोबर होतं ते. तुम्ही बघितल्यावर चुकलं."

दुसरं तिकीट काढायची ऐपत दोघींचीही नाही. हे तिकीटच जोनालिनने जादा पाळ्या करून काढलंय, पोटात बाळ घेऊन.

मी म्हटलं, बघते. मग घाईने म्हटलं, म्हणजे खरंच बघते.

१३ फेब्रुवारी

साल्विंगना शेजारी बसवून फोन लावला. आधी वाट बघायचं संगीत. सोळा वर्षं आम्ही हे लोकांना ऐकवलं, स्वतः कधी ऐकलं नव्हतं. भिकार आहे.

मग आवाज आला: "नमस्कार, मी किम्बर्ली. आपल्याला कशी मदत करू?"

माझंच नाव, माझंच वाक्य, 'कशी'च्या आधीचा तो छोटा थांबासुद्धा माझा. नाव दिलं होतं, थांबाही दिला होता असं काही आठवत नाही.

मी रीतसर केस मांडली. नेमकेपणा हा माझा गुण आहे. म्हटलं, इंग्रजी 'मारिया'तली शेवटची तीन अक्षरं काढायची आणि 'मा'च्या पुढे टिंब द्यायचं, हुबेहूब पासपोर्टप्रमाणे. मुलगी गोड आवाजात म्हणाली, तीन अक्षरं काढली आणि एक टिंब घातलं, ही चार होतात मॅडम, कारण अक्षर या संज्ञेत टिंब, आडवी रेघ व तत्सम चिन्हांचा समावेश होतो.

साल्विंगनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, टिंब आडवं आलं.

"कुठल्या मेल्याने केला हा नियम?"

मी म्हटलं, वरून येतात नियम. शेवटी ती मुलगी म्हणाली, मी काय करता येईल ते बघते, मॅडम. म्हणजे नाही. मी हे वाक्य शिकवायचे.

नियम अडचणीचा आहे. पण त्याच्या शब्दरचनेत कुठे फट नाही, हे मान्य करावं लागेल.

१६ फेब्रुवारी

आज पुन्हा फोन. वरिष्ठाशी बोलायचंय असं म्हटलं. वरिष्ठ रजेवर आहेत. (वरिष्ठ नसतातच. शेजारची मुलगी जाड आवाज काढते.) वय सांगितलं, विधवा आहे सांगितलं, बाळंतपण सांगितलं. किम्बर्लीने प्रत्येक वेळी 'मला आपल्या भावना समजतात' म्हटलं आणि टिंब जागचं हललं नाही. मीही हलू दिलं नाही. अर्धवट नाव घेऊन विमानतळावर गेलं आणि तिथे अडवलं तर? टिंबासकटच हवं.

फोन ठेवल्यावर साल्विंग म्हणाल्या, "टिंबाचं राहू दे ना. मला कुणी टिंब म्हणून हाक मारत नाही." मी त्यांना समजावलं की हे तांत्रिक आहे. त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "पाकीट दिलंय म्हणून बोलत नाही. पण सोळा वर्षं तुझ्या झोपेचं पाकीट मी मागितलं नव्हतं."

याचा अर्थ मला लागला नाही. झोपत मी होते, माझ्या घरात, माझ्या गादीवर. त्रास झाला असेल त्यांना, डोक्यावर परिणाम होतो.

'तुझ्या' म्हणाल्या, हे मात्र टिपून ठेवते.

२१ फेब्रुवारी

साल्विंगनी जाणं रद्द केलं, असं नळावर कळलं. मला सांगितलं नाही. जोनालिनला कळवलंही. डॉक्टर म्हणतात, बाळ तारखेआधीच येईल असं दिसतंय.

सकाळी फाटकावर पिशवी लटकत होती. आत सुके मासे, कोकोच्या चकत्या, केळ्याची साखरेत घोळवलेली कुरकुरी कापं. लेकीसाठी महिनाभर जमवलेलं सामान. पाहिलं तर प्रत्येकाच्या फाटकावर तशीच पिशवी. बॅग रिकामी केली त्यांनी. माझी पिशवी इतरांएवढीच होती, ना कमी ना जास्त.

कोंबडा आरवत होता. मासे तळले नाहीत.

२३ फेब्रुवारी

ग्राहकाचं काम अर्धवट सोडणं धंद्याच्या नावाला बरं नाही. त्याच कारणासाठी आज मी स्वतः साल्विंगच्या घरी गेले. पहिल्यांदाच. टेबलावर टोपडी घडी करून ठेवलेली, वर येशूचा फोटो. मी म्हटलं, एक शेवटचा फोन. त्या म्हणाल्या, पाकीट संपलं. मी म्हटलं, यात धरलेला आहे.

किम्बर्लीच होती. मी इंग्रजीत सुरुवात केली, तेच, तीन अक्षरं आणि टिंब. ती "मला आपल्या भावना..." म्हणाली आणि 'भावना'वर तिचा आवाज वर जाऊन हळूच खाली आला. तो हेल फक्त आमच्या बाजूच्या पोरींना असतो. कितीही शिकवा, थकल्या की येतोच.

मी आमच्या बोलीत म्हटलं, "इंदाय, हिची लेक तिकडे एकटी आहे गं."

पलीकडे काहीच नाही. फोनवर आमची बोली बोलायला सक्त मनाई आहे. प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो, सापडलीस तर त्याच दिवशी घरी. त्या गप्प बसण्यात तिच्या घरची चूल, धाकटी भावंडं, सगळं मला ऐकू येत होतं. मग ती इंग्रजीत म्हणाली, कृपया विनंती पहिल्यापासून सांगा, मॅडम. मी पुन्हा सुरू केलं, मारिया नको, मा हवं, आणि पुढे टिंब...

आणि खूप खालच्या आवाजात, श्वासातच, आमच्या बोलीत आलं: "मानांग, टिंब सोडा."

पुढच्याच क्षणी मोठ्याने, इंग्रजीत: "म्हणजे मॅडमना शेवटची तीन अक्षरं फक्त काढून हवी आहेत, असं मी समजू का?"

पासपोर्टवर टिंब आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. साल्विंगनी आपला मासळीचा वास येणारा पंजा माझ्या तोंडावर दाबला आणि फोनवर वाकून म्हणाल्या, "येस. येस प्लीज."

"बघते, मॅडम," किम्बर्ली म्हणाली. कळफलकाचा आवाज आला. आणि तिने खरंच बघितलं.

नवं तिकीट तिथल्या तिथे आलं. मा साल्वासियोन तुपास. टिंब नाही. नंतर सावकाश पासपोर्ट पाहिला, तर फोटोखाली यंत्रासाठी छापलेल्या ओळीतही टिंब नाही. त्यांच्या यंत्रात टिंब उमटतच नाही म्हणे. नऊ वर्षं आम्ही मोजत होतो ते कुठल्याच यंत्राला दिसत नव्हतं. असो. त्या काळात ती माहिती उपलब्ध नव्हती.

फोन मात्र अजून संपला नव्हता. शेवटी रेकॉर्ड केलेली बाई बोलते: आजच्या सेवेला एक ते दहामध्ये गुण द्या. साल्विंगनी दहा द्यायला बोट पुढे केलं, तेवढ्यात मी पाच दाबलं.

असं पाहिलं त्यांनी माझ्याकडे, जसं मी देवाच्या पेटीतून नाणं उचललं.

"तिने एवढं केलं आणि तू पाच दिलेस?"

एक गुण मिळाला की साहेब तो फोन मुलीला एकटीला बसवून ऐकवतात. दहा मिळाले की आदर्श म्हणून साऱ्या मजल्याला ऐकवतात. पाचवाला फोन कधीच कुणी ऐकत नाही. सोळा वर्षं मी पाचांवर टिकले. हे साल्विंगना सांगता आलं असतं. पण साल्विंगना काही सांगणं म्हणजे जीपनी गाडीच्या टपावर रंगवून गावभर फिरवणं, आणि त्या मुलीला अजून पुष्कळ नोकरी करायची आहे. म्हणून म्हटलं, सेवा मध्यमच होती.

"तुला देणं जमतच नाही, इंदाय," त्या म्हणाल्या.

इंदाय म्हणाल्या. लक्षात आलं नसावं त्यांच्या.

२६ फेब्रुवारी

'पाच' आता माझं गल्लीतलं नाव झालंय. बेकरीवाला पाच पाव देतो आणि हसतो. शिक्षिकाबाईंनी विचारलं, माझ्या मुलीला किती गुण पडतील तुमच्याकडून, मानांग?

पाकीट साल्विंगच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात सारून आले. त्या बॅग पुन्हा भरत होत्या आणि घराघरांतून पिशव्या परत येत होत्या, प्रत्येकीत थोडी भर घालून. मीही माझी नेली. मासे तळले नव्हते ते बरं झालं.

१ मार्च

साल्विंग उद्या निघणार. आणि जायच्या आदल्या दिवशी या बाईने काय करावं? भलं मोठं पातेलं भरून वालेन्सियाना भात केला, सणाला करतात तसा, कोंबडी आणि उकडलेल्या अंड्यांसकट, फडक्यात बांधला आणि जीपनीत बसून शहरात माझ्या जुन्या ऑफिसच्या फाटकावर गेली. मी पाच दिले, त्याची भरपाई करायला. आमच्या बोलीत बोलणाऱ्या किम्बर्लीला भेटायचंय म्हणून.

मला हे बेकरीवाल्याकडून कळलं तेव्हा जीपनी सुटून तास झाला होता. ओट्यावर बसून राहिले. आमच्या बोलीत बोलणारी, असं साल्विंग फाटकावर म्हणणार. मोठ्याने म्हणणार. फाटकाला कॅमेरा आहे. त्या मुलीचा आवाज मी तीनदा ऐकलाय आणि तिचं खरं नावही मला माहीत नाही. असतं तर सावध केलं असतं. धंद्याचा काही विचार मनात आला नाही.

उन्हं उतरताना साल्विंग परत आल्या. पातेलं तसंच फडक्यात, तसंच जड. थेट माझ्या दारात.

फाटकावर रखवालदार मानोंग, म्हणजे दादा, बेबोत होते. वीस वर्षांचे जुने, कान अर्धे गेलेले. त्यांनी 'किम्बर्ली' एवढंच ऐकलं आणि सांगितलं, ती तर जानेवारीतच गेली. तुमच्या तिगबावानलाच राहते, व्हँजी तिचं नाव. चांगली होती, पण डब्यातलं कधी कुणाला द्यायची नाही.

साल्विंग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या.

"किम्बर्ली तू आहेस."

"होते."

"मग फोनवर कोण होती?"

"किम्बर्ली."

त्यांनी यावर विचार केला. मग पातेलं माझ्या हातात दिलं.

"दोघींत वाटून खा," त्या म्हणाल्या.

डब्यातलं द्यायची नाही हे खोटं आहे. कुणी मागितलं नव्हतं.

२ मार्च

पहाटे गल्लीने त्यांना जीपनीत बसवलं. निघताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात कोंबली. कोंबड्यांना दाणा टाकायचा, चिमणीच्या घासाएवढं काम, फक्त दोन मिनिटांचं. "आणि दुपारी कोंबड्याच्या पिंजऱ्यावर चादर टाकत जा, इंदाय. सोळा वर्षं मीच टाकत होते, मध्ये महिनाभर नाही टाकली, रागात. कॅराओकेवाल्यालाही सांगितलंय मी, पण ते पोरगं विसरतं."

मी 'बघते' म्हटलं.

विमानतळावरून बेकरीवाल्याच्या जावयाचा फोन आला: आत गेल्या, कुणी टिंब विचारलं नाही.

दुपारी दोनला मी किल्ली घेऊन गेले. पिंजऱ्यामागे खिळ्याला चादर टांगलेली होती, धुऊन धुऊन विरलेली, तीनचार ठिकाणी ठिगळ. ती टाकली. कोंबडा अर्ध्यावरच थांबला. कोपऱ्यावरच्या पोराला जाऊन सांगितलं, त्याने मुकाट्याने यंत्र बंद केलं.

गल्ली शांत झाली. अगदी पूर्वीसारखी. मी तिथेच उभी राहिले, बराच वेळ, आता दिवसा झोपणारं कुणी नव्हतं तरी.